दिवसाउजेडी दिसलेले गाव

ठाणे ही शिलाहारांची राजधानी होती, आणि कल्याण हे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्या कित्येकांनी आपले गाव म्हणून त्याचाच उल्लेख शिलालेखांत कोरवून ठेवला आहे. तथापि आज आपण ज्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहतो, तिची घडण त्या प्राचीन वैभवाने केलेली नाही, ती आगगाडीने केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी चौदा डब्यांतून सुमारे चारशे उतारू घेऊन ठाण्याला पोहोचली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला येऊन भिडले. त्यानंतर शतकभराने, गिरगाव, दादर, परळ येथील चाळींच्या एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या मावेनाशा झाल्या, तेव्हा प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन, पत्नीच्या पाटल्या मोडून आणि पतपेढीचे कर्ज काढून, स्वतःच्या मालकीच्या दीड-दोन खोल्यांसाठी हजारो मराठी कुटुंबे या रुळांच्या दुतर्फा येऊन उतरली.

या स्थलांतराला एक अट होती आणि ती कोणत्याही करारनाम्यात लिहिलेली नव्हती. घर इकडे आणि चाकरी तिकडे, अशी आयुष्याची वाटणी झाल्यामुळे घरचा कर्ता पुरुष, आणि पुढे नोकरी करणारी त्याची पत्नीही, उजाडता उजाडता जिना उतरत आणि दिवेलागणी होऊन गेल्यावर परतत. सव्वा तास जाताना, सव्वा तास येताना, तोही बहुधा उभ्याने. रविवार उरला तो बाजारहाट, लग्नकार्ये आणि आठवड्याची थकलेली झोप यांनी खाऊन टाकला. परिणामी पस्तीस-पस्तीस वर्षे डोंबिवलीत काढलेल्या माणसाला कोणत्या फलाटावर कोणता डबा जिन्यासमोर लागतो, चौथ्या सीटवर कितपत टेकता येते, ठाण्याला उतरणारा कोण आणि दादरला उठणारा कोण, याचे इत्थंभूत ज्ञान होते. परंतु आपल्या गल्लीत टपाल किती वाजता येते, दुपारी शाळा सुटल्यावर रस्ता कसा दिसतो, शेजारच्या इमारतीतील म्हातारे गृहस्थ कोणाची वाट पाहत गॅलरीत उभे राहतात, यांपैकी कशाचीच त्याला कल्पना नव्हती. आपले राहते गाव त्याला केवळ रात्रीचे ठाऊक होते.

म्हणून मला असे प्रामाणिकपणे वाटते की, या गावांतले वार्धक्य हे इतर ठिकाणच्या वार्धक्याहून वेगळे आहे. कोकणातल्या वा देशावरच्या खेड्यात माणूस जेथे राबला तेथेच तो म्हातारा होतो. त्याचे शेत, त्याचे देऊळ, त्याचे भाऊबंद आणि त्याचे भांडणतंटेसुद्धा त्याच्याबरोबर वयस्क होत जातात. आमच्याकडे मात्र निरोपसमारंभाची शाल आणि श्रीफळ घेऊन मनुष्य शेवटच्या गाडीने घरी येतो, आणि पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता पिशवी घेऊन खाली उतरतो, तेव्हा तो एका अपरिचित गावात प्रथमच पाऊल टाकीत असतो. निवृत्ती हे त्याचे या गावातले दुसरे आगमन होय. पहिले झाले होते ते जागेचा ताबा घेण्यासाठी, हे होते ते राहण्यासाठी.

हे दुसरे आगमन सुखाचेच असते असे नाही. कारण त्याची माणसे येथे नसतात. ज्यांच्याशी त्याने आयुष्यभर राजकारण आणि मुलींची स्थळे यांवर खल केला, ज्यांच्या साथीने डब्याच्या पत्र्यावर ताल धरून भजने म्हटली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणे बांधली, त्या माणसांचा पत्ता म्हणजे एक विशिष्ट गाडी आणि तिचा एक विशिष्ट दरवाजा एवढाच होता. कोण कळव्याचा, कोण टिटवाळ्याचा; गाडी सुटली की मंडळ सुटले. ओळख इतकी गाढ की एकमेकांच्या मुलांच्या परीक्षांचे निकाल तोंडपाठ, आणि इतकी तुटपुंजी की घराचा क्रमांक ठाऊक नाही! निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुष्कळ पुरुष जे गप्प गप्प होतात, त्याचे कारण घरची मंडळी पैशाच्या वा प्रकृतीच्या चिंतेत शोधतात. मला ते या अचानक तुटलेल्या सहवासात दिसते. पुढे ठाण्याच्या मसुंदा तलावाच्या काठावर, कल्याणच्या काळ्या तलावाभोवती किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या उद्यानाच्या कट्ट्यावर ठरावीक वेळी, ठरावीक जागी, ठरावीक चौघे बसलेले दिसतात, आणि पाचव्याला सरकून जागा करून देतात, तेव्हा तेथे तोच डबा पुन्हा भरलेला असतो.

स्त्रियांची गोष्ट याहून निराळी आहे आणि तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. १९९२ साली कल्याणच्या मार्गावर केवळ महिलांसाठी गाडी सुरू झाली. परंतु तिच्या कितीतरी आधीपासून बायकांच्या डब्यात परतीच्या वाटेवर गवार मोडली जात होती, मटार सोलले जात होते आणि पालेभाजी निवडून पिशवीत भरली जात होती, कारण घरी पोहोचताच पंधरा मिनिटांत कुकर चढवायचा असे. या स्त्रीला कचेरीने निवृत्त केले तरी स्वयंपाकघराने कधीच केले नाही. किंबहुना ती घरी बसू लागली, या गृहीतकावर नातवंडांची शाळा, सुनेची नोकरी, आणि आता दिवसभर घरात असलेल्या नवऱ्याचा चहा, असे नवे कामकाज तिच्या नावावर चढते. आमच्या इमारतीतील एक शिक्षिका निवृत्त झाल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, इतकी वर्षं गाडीत तरी तासभर माझी मी होते." त्यांनी पुढे दुपारच्या भजनी मंडळात नाव घातले आणि दोन ते चार या वेळात घरचा कोणताही निरोप घ्यायचा नाही असा नियम केला. तो नियम त्या आजही पाळतात. मला त्यांच्याविषयी अतिशय आदर वाटतो.

आपल्या धर्मशास्त्राने या वयाचा विचार केला नव्हता असे नाही. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि मुलाला मूल झाले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृती सांगते. त्या सांगण्यामागचा हेतू मला खोल वाटतो: सत्ता वेळीच सोडावी, म्हणजे पुढच्या पिढीला ती हिसकावून घ्यावी लागत नाही. परंतु दीड खोलीच्या घरात, जेथे स्वयंपाकघरात मुलाची गादी पडते आणि बाहेरच्या खोलीत आई-वडिलांची, तेथे वन कोठून आणावयाचे? आमच्या पिढीने आपल्यापुरते त्याचे उत्तर शोधून काढले आहे, आणि ते म्हणजे ग्रंथालय. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे दोघेही डोंबिवलीचे रहिवासी, त्यामुळे येथल्या वाचकाला लेखक हा भाजीबाजारात भेटणारा मनुष्य आहे याची सवय. सकाळी वृत्तपत्रांच्या टेबलापाशी बसलेली मंडळी पाहावीत. एकाच अंकाची पाने चौघांत वाटली जातात, अग्रलेख एकाकडे, बाजारभाव दुसऱ्याकडे, आणि छोट्या जाहिराती व निधनवार्ता यांचे पान सर्वांत जास्त हातांतून फिरते. ते पान वाचताना कोणी हळवे होत नाही. "हा आपल्या फास्टचा," एवढेच कोणीतरी म्हणतो, आणि उद्या कोणी कोणी जायचे ते तेथेच ठरते.

सरकारदरबारी म्हातारपण केव्हा सुरू होते, याचे उत्तर कोणत्या खिडकीवर विचारावे यावर अवलंबून आहे. राज्य शासनाचा बहुतेक नोकरवर्ग ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, केंद्राचा ६० व्या. कायद्याच्या दृष्टीने ज्येष्ठ नागरिक होण्यास ६० वर्षे पुरतात, एस. टी.च्या अर्ध्या तिकिटासाठी ६५ लागतात, ७५ पूर्ण झाल्यावर २०२२ पासून तिकीटच लागत नाही, आणि केंद्राच्या निवृत्तिवेतनात ८० व्या वर्षी मूळ रकमेच्या वीस टक्क्यांची भर पडते. घरात सहस्रचंद्रदर्शनाची शांत होते तीही याच सुमारास, कारण हजार पौर्णिमा पाहावयास सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. आगगाडीची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये, साथीच्या दिवसांत, काढून घेण्यात आली आणि ती पुन्हा मिळालेली नाही. ज्यांनी आयुष्य त्या रुळांवर घासले त्यांना ती परत मिळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या साऱ्या व्यवहारातला सर्वांत हृद्य प्रसंग नोव्हेंबरात घडतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने आपण जिवंत आहोत याची खात्री वर्षातून एकदा पटवून द्यावी लागते. तिला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी बँकेत जाऊन यादीत आपल्या नावापुढे सही केली की काम भागे, आणि राज्याच्या निवृत्तिवेतनधारकांपैकी पुष्कळजण अजूनही तसेच करतात. नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या नावाने बोटाच्या ठशावर दाखला देण्याची सोय झाली. ती सोय खरीच मोठी. परंतु म्हातारपणी आणि विशेषतः हातांनी काम केलेल्यांच्या बाबतीत बोटांवरच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. बँकेत माझ्यापुढे उभे असलेले एक गृहस्थ कारखान्यात लेथवर काम केलेले होते. उजव्या हाताचा अंगठा यंत्राने नाकारला, तर्जनी नाकारली, मग डावा हात. टेबलामागची मुलगी विशीतली. तिने ओल्या कापडाने त्यांची बोटे एकेक करून पुसली, कोरडी केली, थोडे खोबरेल लावले, आणि म्हणाली, "आजोबा, दाबू नका, नुसतं टेकवा." करंगळीवर ठसा उमटला. रांगेतल्या सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोयही झाली आहे, आणि ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांनी ती अवश्य मागावी; तो त्यांचा हक्क आहे.

लेथवरच्या त्या गृहस्थांना मिळणारे निवृत्तिवेतन ऐकून मात्र मन विषण्ण होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत ठाण्याच्या वागळे इस्टेटीत उभी राहिली. डोंबिवलीची पुढे झाली. या पट्ट्यातल्या कारखान्यांत राबलेला कामगार भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेखाली येतो. तिचे किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा एक हजार रुपये आहे. शासकीय नोकरीतून निवृत्त झालेला आणि कारखान्यातून बाहेर पडलेला असे दोघे एकाच कट्ट्यावर बसतात, एकाच वयाचे असतात, एकाच गाडीने तीन तपे गेलेले असतात; एकाला महागाईभत्ता केव्हा वाढतो याची चर्चा करता येते आणि दुसरा त्या वेळी तळ्याकडे पाहत राहतो. मोहन्याचा रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला, तेव्हा तेथल्या घरांतून जे दिवस आले, ते आंबिवलीच्या आसपास अजून कोणी विसरलेले नाही. वार्धक्याविषयी प्रसन्न लेख लिहिणाऱ्यांनी या दुसऱ्या माणसाला डोळ्यांआड करू नये.

मुले दूर असणे ही आता तक्रारीची बाब राहिलेली नाही, ती आमच्या वस्तीची सर्वसाधारण स्थिती आहे. आपणही गिरगावातल्या वा रत्नागिरीतल्या आई-वडिलांना सोडूनच येथे आलो होतो, आणि सणासुदीला जात होतो. आज मुलगा पुण्याला वा परदेशी असेल आणि रविवारी फोनच्या पडद्यावर दिसत असेल, तर त्याने आपल्यापेक्षा वेगळे काही केले, असे मला म्हणवत नाही. चिंता करावी ती दुराव्याची नव्हे, कागदपत्रांची. आमच्या पिढीची सारी मिळकत म्हणजे ती एक जागा. आणि मायेपोटी, किंवा पुढे कटकट नको म्हणून, हयातीतच तिचे बक्षीसपत्र करून देणारे पुष्कळ आहेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्यात प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, हे बहुतेकांच्या कानांवर आहे. परंतु त्याच कायद्याचे कलम २३ अधिक महत्त्वाचे असून फारच थोड्यांना ठाऊक आहे. देणाऱ्याची देखभाल करण्याच्या अटीवर मिळकत दिलेली असेल आणि ती देखभाल होत नसेल, तर असा दस्त रद्द ठरविता येतो. म्हणून ती अट दस्तात स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी. ती लिहिण्यात मुलांवरचा अविश्वास नाही. मुलांनाही आपले कर्तव्य कागदावर वाचायला मिळते. आणि ज्याला घाई नसेल त्याने बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावे, सोसायटीत नामनिर्देशन भरावे, आणि जागा दोघांच्या नावावर नसेल तर पत्नीचे नाव आजच लावून घ्यावे. पती गेल्यानंतर वारसनोंदीसाठी कचेरीच्या पायऱ्या चढणाऱ्या किती वृद्ध स्त्रिया मी पाहिल्या आहेत!

पायऱ्यांचा उल्लेख आलाच आहे, तर आमच्या गावांतील वार्धक्याची खरी सीमा कोणती हे सांगितले पाहिजे. ती जिन्याची आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या तळमजला अधिक तीन, तळमजला अधिक चार अशा इमारतींना लिफ्ट नाही. जागा घेतली तेव्हा वय तिशीचे. वरचा मजला हवेशीर आणि थोडा स्वस्त, म्हणून हौसेने घेतला. आज गुडघे बोलू लागल्यावर तोच जिना दिवसाचे सारे वेळापत्रक ठरवितो. औषध, दूध, भाजी या तिन्हींसाठी एकदाच उतरायचे. काही विसरले तर ते उद्यावर. दोरीला बांधलेली पिशवी गॅलरीतून खाली सोडून भाजी वर घेण्याची जुनी पद्धत त्यामुळेच अद्याप टिकून आहे. आमच्या सोसायटीने दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर नावगाव काही लिहिलेले नाही, परंतु ती कोणी हलवीत नाही, लहान मुलेसुद्धा तिच्यावर बसून खेळत नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या आजी तेथे टेकतात आणि दुसऱ्या मजल्यावरचे दार आतून उघडून कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करते. दोन मजल्यांचे ते नाते त्या खुर्चीने जुळविले.

खाली उतरल्यानंतर रस्त्याची परीक्षा निराळीच. स्टेशनाजवळ पदपथ आहे तेथे दुकान मांडलेले, दुकान नाही तेथे दुचाकी लावलेल्या, आणि उरलेल्या जागी फरशी उखडलेली. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याण-डोंबिवली महापालिका बरोबर एका वर्षाने त्याच तारखेस अस्तित्वात आली. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने जगभरच्या ज्येष्ठांसाठी जो दिवस मुक्रर केला तोही १ ऑक्टोबरच. त्या दिवशी सत्कार आणि आरोग्य शिबिरे होतात, त्यांचे स्वागत आहे. परंतु मला विचाराल तर घरापासून वाचनालयापर्यंत हात न धरता चालत जाता येईल असा एक अखंड पदपथ हा कोणत्याही सत्कारापेक्षा मोठा सन्मान होईल.

आता जुन्या इमारती पाडून पुनर्विकासाचे वारे सर्वत्र वाहत आहे आणि लिफ्टच्या आशेने वयस्क सदस्य त्याला अनुमती देत आहेत. ती द्यावीच, मात्र सही करण्यापूर्वी काही गोष्टी त्यांनी आग्रहाने विचारून घ्याव्यात. इमारत पुरी होईपर्यंत भाड्याने राहायचे ती जागा तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत मिळेल एवढे भाडे ठरले आहे काय? काम लांबले तर ते भाडे पुढेही चालू राहील असे करारनाम्यात लिहिले आहे काय? ज्या डॉक्टरांकडे वीस वर्षे जातो आणि ज्या कट्ट्यावर रोज बसतो त्यांच्यापासून आपण किती लांब फेकले जाणार? आमच्याच रस्त्यावरील एका सोसायटीत सत्तरी ओलांडलेल्या सदस्यांनी एकत्र बसून, नव्या इमारतीत आपल्याला पहिला किंवा दुसरा मजला द्यावा, असा लेखी अर्ज सर्वसाधारण सभेपुढे ठेवला. कारण लिफ्ट आली तरी ती नादुरुस्त झाली म्हणजे सातवा मजला हा चौथ्यापेक्षा कठीणच. तरुण सदस्यांपैकी काहींनी प्रथम कुरकुर केली, वरच्या मजल्यांचा भाव अधिक म्हणून दोघा वृद्धांच्याच मुलांनी विरोध केला, आणि त्या सभेत ठराव लांबणीवर पडला. पुढच्या सभेची नोटीस फलकावर लागली आहे. त्यात तो विषय पहिल्या क्रमांकावर घेतलेला आहे, आणि सभा गच्चीवर न घेता तळमजल्यावरच्या वाहनतळात घ्यावी, अशी त्या मंडळींची मागणी समितीने मान्य केली आहे.